वायफाय जोडलेलं, पण नेट नाही: ठाणे-नवी मुंबईतून वारंवार येणारे प्रश्न

घोडबंदर रोडच्या टॉवरपासून कोपरखैरण्याच्या बैठ्या घरांपर्यंत तक्रार एकच असते: वायफायचं चिन्ह दिसतं, शेजारी उद्गारचिन्ह, आणि काहीच उघडत नाही. बहुतेक जण लगेच फोनच्या सेटिंग्ज उलटसुलट करायला घेतात. आधी बिघाड फोनमध्ये, राउटरमध्ये की बाहेरच्या लाइनमध्ये, हे ठरवा. हात लावायचा तो त्यानंतर. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, कारण उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत.

१. वायफायच्या कांड्या पूर्ण आहेत, मग नेट का नाही?

कांड्या फक्त फोन आणि राउटर यांच्यामधल्या सिग्नलची ताकद सांगतात. राउटरच्या पुढे फायबरचा डबा, त्यापुढे इमारतीच्या डक्टमधली वायर, त्यापुढे केबलवाल्याचं किंवा कंपनीचं ऑफिस. यातलं काहीही तुटलं तरी कांड्या पूर्णच दिसतात.

'कनेक्टेड, इंटरनेट नाही' हे फोन अंदाजाने म्हणत नाही. वायफायला जोडल्याबरोबर अँड्रॉइड फोन गूगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर छोटी विचारणा करतो आणि '२०४' असं रिकामं उत्तर यायची वाट बघतो. आयफोन ॲपलच्या पत्त्यावर अशीच चाचणी घेतो. उत्तर आलं नाही किंवा भलतंच आलं, की उद्गारचिन्ह लागतं. क्वचित ही विचारणाच अडवली जाते, तेव्हा चिन्ह असूनही नेट चालतं. म्हणून चिन्हावर न थांबता एखादी साइट उघडून बघा.

२. सगळ्यात आधी काय तपासू?

मोबाइल डेटा बंद करा. हे राहून गेलं तर पुढची सगळी तपासणी फसते, कारण वायफायवर नेट नसेल तर बरेचसे फोन गुपचूप डेटावर जातात (सॅमसंगमध्ये 'इंटेलिजंट वायफाय', आयफोनमध्ये 'वायफाय असिस्ट'). तुम्हाला वाटतं वायफाय सुरू झालं, आणि दुपारपर्यंत दिवसाचा डेटा संपलेला असतो.

मग घरातला दुसरा फोन किंवा टीव्ही त्याच वायफायवर लावून बघा. कशावरच नेट नसेल तर प्रश्न ३ कडे जा, फोनला हात लावू नका. फक्त तुमच्याच फोनवर नसेल तर थेट प्रश्न ६.

३. डब्यावरचा कुठला दिवा काय सांगतो?

फायबरच्या डब्यावर साधारणपणे पॉवर, पीओएन (कंपनीच्या यंत्रणेशी जोडणी), एलओएस (सिग्नल हरवल्याचा इशारा), इंटरनेट, लॅन आणि वायफाय असे दिवे असतात.

एलओएस लाल लुकलुकत असेल तर डब्यापर्यंत प्रकाशच पोचत नाही. वायर तुटली आहे, दबली आहे किंवा कनेक्टर सुटला आहे. फोनमधली कुठलीही सेटिंग यावर उपाय नाही. टीव्ही युनिटच्या मागे बघा: पिवळी किंवा पांढरी बारीक वायर फर्निचरखाली चेपली आहे का, सफाई करताना ओढली गेली आहे का. डब्यात जाणारा हिरवा किंवा निळा चौकोनी कनेक्टर हलक्या हाताने दाबा, 'टक्' आवाज आला पाहिजे. जास्तीची वायर गुंडाळताना बांगडीपेक्षा लहान वेटोळं करू नका, वळणावर प्रकाश गळतो. कनेक्टर काढलाच तर टोकाला बोट लावू नका आणि आत डोकावू नका. तो लेझर डोळ्याला दिसत नाही, पण असतो.

पीओएन स्थिर हिरवा, एलओएस बंद, पण इंटरनेटचा दिवा लाल किंवा विझलेला असेल तर लाइन ठीक आहे, लॉगिन होत नाही. पहिला संशय रिचार्जवर घ्या. प्लॅनची मुदत संपली की वायफाय जसंच्या तसं राहतं, नेट तेवढं जातं. पीओएन सतत लुकलुकत राहिला तर डबा कंपनीच्या यंत्रणेशी नोंदणी करू पाहतोय आणि ती होत नाही. पाच मिनिटांनंतरही तसंच असेल तर तक्रार करा.

सगळे दिवे हिरवे आणि तरी नेट नाही, हा खरा त्रासदायक प्रकार. तेव्हा प्रश्न ४, नंतर ७ आणि १३ बघा. काही नव्या डब्यांवर एकच दिवा असतो आणि तो रंग बदलतो. त्याचा अर्थ डब्याखालच्या स्टिकरवर किंवा कंपनीच्या ॲपमध्ये मिळतो.

४. राउटर बंद-चालू करायची काही पद्धत आहे का?

आहे, आणि घाई केली की फायदा होत नाही. डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्ही भिंतीवरच्या बटणाने बंद करा, ३० सेकंद थांबा. आधी डबा चालू करा, पीओएन स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटं द्या, मगच राउटर. उलट क्रमाने केलं तर राउटर डबा तयार व्हायच्या आत लॉगिन करायला जातो, आणि काही मॉडेल पुन्हा प्रयत्नच करत नाहीत. शेवटी फोनचं वायफाय बंद-चालू करा.

५. मागच्या भोकात पिन घालून रिसेट करू का?

नको. बंद-चालू करणं वेगळं आणि हे वेगळं. पिन दहा सेकंद दाबली की राउटर कोरा होतो. ठाणे-नवी मुंबईतले बरेच स्थानिक केबलवाले पीपीपीओई पद्धतीचं युजरनेम-पासवर्ड राउटरमध्ये भरून देतात. ते पुसलं की तंत्रज्ञ येईपर्यंत नेट बंद. साधी अडचण होती, तिची व्हिजिट झाली. रिसेट करायचंच असेल तर ते युजरनेम-पासवर्ड आधी केबलवाल्याकडून लिहून घ्या.

६. घरात सगळ्यांचं चालतं, माझ्याच फोनवर नाही. काय करू?

या क्रमाने जा, प्रत्येक पायरीनंतर तपासा.

विमान मोड १० सेकंद चालू करून बंद करा. मग तारीख आणि वेळ बघा, ती 'आपोआप' वर हवी. बॅटरी पूर्ण उतरून फोन बंद पडला असेल तर वेळ चुकते, आणि वेळ चुकली की साइटची सुरक्षा प्रमाणपत्रं फोनला खोटी वाटतात.

व्हीपीएन (नेट दुसऱ्याच सर्व्हरमार्फत नेणारं ॲप) आणि जाहिराती अडवणारी ॲप बंद करा. अँड्रॉइडमध्ये व्हीपीएनच्या नावापुढच्या गिअरमध्ये 'ऑलवेज-ऑन' आणि 'व्हीपीएनशिवाय कनेक्शन अडवा' असे दोन पर्याय असतात. दुसरा चालू राहिला आणि व्हीपीएनची वर्गणी संपली, तर फोन वायफायला जोडलेला राहतो पण एक बाइटही बाहेर जात नाही. हे सापडायला वेळ लागतो, कारण व्हीपीएन ॲप उघडल्यावर सगळं 'बंद' दिसतं.

नंतर वायफायच्या नावावर जाऊन 'विसरा' करा आणि पासवर्ड टाकून पुन्हा जोडा. त्या वेळी 'आयपी सेटिंग्ज' मध्ये 'डीएचसीपी' (राउटर फोनला आपोआप पत्ता देतो ती सोय) आहे ना, बघा. ऑफिसमध्ये कुणी 'स्टॅटिक' (हाताने भरलेला पत्ता) करून ठेवलं असेल तर तो पत्ता घरच्या राउटरवर चालणार नाही. एवढं करूनही अडलं तर प्रश्न ७, ८ आणि ९. अगदी शेवटी १७.

७. 'प्रायव्हेट डीएनएस सर्व्हरपर्यंत पोचता येत नाही' असं दिसतं. हे काय?

डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी सोय. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, ही विचारणा कूटबद्ध करायची 'प्रायव्हेट डीएनएस' सोय आली. तिथे जाहिराती अडवणाऱ्या एखाद्या सेवेचं नाव कुणीतरी भरून देतं आणि विसरतं. नाव भरलेलं असताना तो सर्व्हर बंद पडला, किंवा वायफाय देणाऱ्याने त्याचं ८५३ हे पोर्ट (ही विचारणा जाते ती वाट) अडवलं, तर फोन दुसरा मार्ग घेतच नाही. वायफाय आहे, नेट आहे, पण एकही नाव सापडत नाही.

सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क आणि इंटरनेट' (सॅमसंगमध्ये 'कनेक्शन्स', मग 'मोअर कनेक्शन सेटिंग्ज') खाली प्रायव्हेट डीएनएस 'ऑटोमॅटिक' वर ठेवा.

अडचण डीएनएसचीच आहे का, याची चाचणी: ब्राउझरमध्ये १.१.१.१ टाका. पान उघडलं, किंवा निदान पत्त्याच्या पट्टीत आकड्यांच्या जागी नाव आलं, तर लाइन चालू आहे आणि नावं शोधणं बंद आहे. मग घरातल्या सगळ्याच फोनवर हे होत असेल तर राउटरमध्ये डीएनएस ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा. राउटरचं पान बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ वर, जिओच्या डब्यावर १९२.१६८.२९.१ वर उघडतं. नक्की पत्ता फोनच्या वायफाय तपशिलात 'गेटवे' पुढे लिहिलेला असतो.

८. आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो, किंवा 'आयपी पत्ता मिळवत आहे' वर अडकतं.

राउटरने तुमच्या फोनला पत्ताच दिला नाही. ऐरोली-घणसोलीच्या पीजीमध्ये हे फार दिसतं. एका राउटरवर दहा-बारा जण, प्रत्येकाचा फोन, लॅपटॉप, घड्याळ, वर पाहुणे. घरगुती राउटर बऱ्याचदा ३२ उपकरणांवर थांबतात, आणि गेलेल्या पाहुण्याचा पत्ता मुदत संपेपर्यंत, अनेकदा २४ तास, अडकून राहतो.

तात्पुरता उपाय राउटर बंद-चालू करणं (प्रश्न ४). कायमचा उपाय म्हणजे राउटरच्या डीएचसीपी पानावर पत्त्यांची श्रेणी १० ते २५४ करणं आणि मुदत दोन तासांवर आणणं. आयफोनवर वायफायच्या नावापुढच्या 'i' मध्ये 'रिन्यू लीज' दाबून एकदा बघा.

९. सोसायटीच्या किंवा ऑफिसच्या वायफायवर माझा फोन नोंदवलेला आहे, तरी नेट नाही.

अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन प्रत्येक वायफायला आपला खरा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) न देता बनावट देतो. खासगीपणासाठी ते चांगलंच आहे. पण जिथे मॅक पत्त्याची यादी करून परवानगी देतात, तिथे नोंद एका पत्त्याची आणि फोन येतो दुसऱ्याने.

त्या एका वायफायच्या तपशिलात 'प्रायव्हसी' मध्ये 'डिव्हाइसचा मॅक वापरा' निवडा. आयफोनवर 'प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस' बंद करा. घरच्या राउटरवर कुणी मुलांसाठी वेळेचं बंधन लावलं असेल, तर तेही याच मॅक पत्त्यावर चालतं. रात्री दहाच्या ठोक्याला रोज नेट जात असेल तर आधी घरात विचारा.

१०. स्टेशनवर, मॉलमध्ये, हॉस्पिटलमध्ये वायफाय जोडतं पण पुढे काही होत नाही.

अशा ठिकाणी आधी लॉगिनचं पान उघडावं लागतं. रेल्वे स्थानकांवरच्या रेलवायर वायफायला मोबाइल नंबर टाकून ओटीपी द्यावा लागतो, दिवसातली पहिली ३० मिनिटं मोफत. पान आपोआप आलं नाही तर वरून पट्टी ओढून 'नेटवर्कमध्ये साइन इन करा' ही सूचना शोधा. तीही नसेल तर ब्राउझरमध्ये 'एचटीटीपी' ने (शेवटी 'एस' नसलेल्या) सुरू होणारा पत्ता टाका, सुरक्षित साइटवरून लॉगिन पानाकडे वळवता येत नाही. व्हीपीएन आणि प्रायव्हेट डीएनएस तेवढ्यापुरते बंद ठेवा, ही दोन्ही लॉगिन पान अडवतात. ओटीपी येण्यासाठी मोबाइलला रेंज हवी, हे तळघरातल्या पार्किंगमध्ये लक्षात राहत नाही.

११. लाइट गेली, राउटर इन्व्हर्टरवर चालू आहे, तरी नेट का जातं?

तुमच्या घरात येणारी वायर कुठली, यावर उत्तर अवलंबून आहे.

टेलिफोनसारख्या पण जरा मोठ्या प्लास्टिकच्या पिनची जाड वायर (लॅन केबल) थेट राउटरमध्ये येत असेल, तर इमारतीच्या गच्चीवर किंवा डक्टमध्ये केबलवाल्याचा स्विच आहे. त्याला वीज लागते. वाशी-नेरूळच्या जुन्या सोसायट्यांमध्ये तो स्विच जिन्याच्या सामायिक मीटरवर असतो. महावितरणची वीज गेली की स्विच बंद, मग तुमचा इन्व्हर्टर काहीही करू शकत नाही. त्या स्विचला छोटा यूपीएस बसवा म्हणून केबलवाल्याला आणि कमिटीला एकत्र सांगा, एकट्याने सांगून होत नाही.

फायबर थेट घरात येत असेल तर मधल्या स्प्लिटरला (एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या डबीला) वीज लागत नाही. मग नेट जाण्याची कारणं दोन: डबा इन्व्हर्टरवर आहे का ते बघितलेलं नसतं (राउटर असतो, डबा दुसऱ्याच बोर्डावर), किंवा लाइट फार वेळ गेली आणि केबलवाल्याच्या ऑफिसची बॅटरी संपली.

मिनी यूपीएस घेताना ॲडाप्टरवरचे आकडे वाचा. बहुतेक डबे १२ व्होल्टचे असतात, पण ९ आणि ५ व्होल्टचेही आहेत. व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. सेट टॉप बॉक्सचा ॲडाप्टर पिन बसते म्हणून लावू नका. कमी व्होल्टवर दिवे लागतात, वायफाय दिसतं, पण डबा दर काही मिनिटांनी स्वतःच बंद-चालू होत राहतो.

१२. पावसाळ्यात किंवा रस्ता खोदला की नेट जातं. आपल्या हातात काय आहे?

थोडंच. मेट्रो, गटार, गॅसची पाइप, कशासाठीही खोदलं तरी फायबर तुटते, आणि तिथे एलओएस लाल दिसतो. तक्रार नोंदवून वाट बघा.

पावसातला बिघाड मात्र अर्धवट असतो: सकाळी चालतं, सर आली की जातं. गच्चीवरच्या जोडणीच्या डबीत पाणी शिरलेलं असतं. राउटरच्या पानावर 'आरएक्स पॉवर' किंवा 'ऑप्टिकल पॉवर' असा आकडा मिळतो. उणे १५ ते उणे २५ डीबीएम ठीक. उणे २७ च्या पलीकडे, म्हणजे उणे २८, उणे २९, लाइन कधीही तुटेल. कोरड्या दिवशीचा आणि पावसातला आकडा, दोन्हीचे स्क्रीनशॉट केबलवाल्याला पाठवा. 'नेट स्लो आहे' या वाक्यापेक्षा या दोन आकड्यांनी माणूस लवकर येतो.

१३. बेडरूमसाठी दुसरा राउटर लावला. त्याला जोडलं की कधी नेट असतं, कधी नसतं.

जुना राउटर घरात पडून होता, वायर दोन्हीकडे पिवळ्या लॅन पोर्टमध्ये घातली, आणि आत काही बदललं नाही, असंच बहुतेकदा झालेलं असतं. मग घरात पत्ते वाटणारे दोन झाले. पहिल्या राउटरने पत्ता दिला तर नेट चालतं. दुसऱ्याने दिला तर तो फोनला सांगतो 'बाहेर जायचं तर माझ्याकडून जा', आणि त्याला स्वतःलाच बाहेरची वाट माहीत नसते. कोण आधी उत्तर देतो यावर सगळं, म्हणून कधी आहे आणि कधी नाही.

उपाय: दुसऱ्या राउटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' निवडा. तो पर्याय नसेल तर त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ असा (पहिल्याच्याच श्रेणीतला पण वेगळा) ठेवा आणि वायर लॅन ते लॅन जोडा.

वायर निळ्या वॅन पोर्टमध्ये घातली असेल तर डीएचसीपी चालू राहू द्या, पण दोघांचे पत्ते १९२.१६८.१.१ असू नयेत. दुसऱ्याचा १९२.१६८.२.१ करा.

रिपीटरची गोष्ट वेगळी. त्याचा मूळ राउटरशी संबंध तुटला तरी तो आपलं वायफाय पसरवत राहतो. मूळ राउटरचा पासवर्ड बदलला तेव्हा रिपीटरमध्ये बदलला का, एवढंच विचारा.

१४. व्हॉट्सॲप चालतं, पण बँकेचं ॲप किंवा काही साइट उघडत नाहीत.

गूगल, यूट्यूब, इन्स्टाग्राम चालतं आणि बाकी बरंच काही नाही, असं असेल तर बहुधा आयपीव्ही६ (नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) चालू आणि आयपीव्ही४ (जुनी पद्धत) बंद पडलेलं असतं. मोठ्या सेवा दोन्हीवर असतात, अनेक भारतीय साइट फक्त ४ वर. राउटर बंद-चालू करून बघा, नाही तर तक्रारीत हे नेमके शब्द सांगा.

साइट अर्ध्या उघडून लटकत असतील आणि राउटर तुम्ही विकत घेतलेला असेल, तर पीपीपीओई जोडणीत एमटीयू (एका वेळी जाणाऱ्या डेटाच्या तुकड्याची कमाल लांबी) १४९२ आहे का पाहा. १५०० वर काही साइट अडतात.

फक्त बँकेचं ॲप रुसलं असेल तर व्हीपीएन, चुकलेली वेळ किंवा चालू राहिलेले 'डेव्हलपर ऑप्शन्स' हे तीन संशयित. यूपीआयच्या पहिल्या नोंदणीत सिममधून एसएमएस जावा लागतो, त्याचा वायफायशी संबंध नाही.

१५. दुसऱ्याच्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडलं, नेट नाही.

त्या फोनचा दिवसाचा डेटा संपलाय का बघा. संपल्यावर अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. व्हॉट्सॲपचा मजकूर रखडत जातो, बाकी सगळं मेलेलं वाटतं. तसं नसेल तर हॉटस्पॉट देणाऱ्या फोनवरचा डेटा सेव्हर आणि व्हीपीएन बंद करा.

१६. २.४ वर चालतं, ५ गिगाहर्ट्झवर नाही. किंवा उलट.

नेट एकच आहे, त्यामुळे एकावर असेल तर लाइन चांगली आहे. ५ ची लहर भिंतींत लवकर विरते. दोन आरसीसी भिंतींपलीकडे फोन जोडलेला दाखवतो, पण माहितीची ये-जा होत नाही. २.४ वर उलट गर्दी: टॉवरमध्ये वीस-पंचवीस घरांचे राउटर एकाच चॅनेलवर बोलतात. राउटरमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी मोकळा निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा.

१७. 'नेटवर्क सेटिंग्ज रिसेट' केल्याने फोटो जातात का?

नाही. साठवलेले वायफाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात. आयफोनवर व्हीपीएन आणि एपीएनच्या (मोबाइल डेटाच्या सेटिंगच्या) नोंदीही. पासवर्ड हाताशी ठेवूनच करा.

१८. जुना फोन आहे. वायफाय ठीक, पण कितीतरी साइटवर 'कनेक्शन सुरक्षित नाही' येतं.

तारीख बरोबर असूनही हे येत असेल आणि अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीचं असेल, तर नेट चालू आहे. फोनमधली प्रमाणपत्रांची यादी जुनी झाली आहे. 'लेट्स एन्क्रिप्ट' या मोफत सेवेचं प्रमाणपत्र वापरणाऱ्या असंख्य साइट तो ओळखू शकत नाही. राउटर, डीएनएस, रिसेट, कशानेही फरक पडणार नाही. अशा फोनवर बँकेचे व्यवहार करू नका.

१९. तक्रार करताना काय सांगू, आणि कोणी आलंच नाही तर?

'नेट नाही' एवढंच सांगितलं तर पलीकडून 'राउटर बंद-चालू करा' हेच येणार. ग्राहक क्रमांक, किती वाजल्यापासून, कुठला दिवा कुठल्या रंगात, किती उपकरणांवर, आणि बंद-चालू करून झालंय, हे एका दमात सांगा. तक्रार क्रमांक मागून घ्या. व्हॉट्सॲपवर केबलवाल्याने 'हो दादा, बघतो' म्हणणं ही नोंद नाही. कस्टमर केअरकडून निपटारा झाला नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे त्या क्रमांकावर अपील करता येतं, त्याला पैसे लागत नाहीत.

आणि तक्रार न करताच कुणी फोन करून 'तुमचं केवायसी राहिलंय, नेट बंद होईल, हे ॲप टाका' म्हणालं तर ठेवून द्या. लाइन दुरुस्त करायला तुमच्या फोनच्या स्क्रीनचा ताबा कुणालाच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.